बांधावरचे सोयरे

दिवाळी जवळ आली की आमच्या अर्धापूरच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात. नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पोती उलटी करून फुले ओतलेली असतात, आणि एरवी केळीचा नि हळदीचा भाव विचारणारा माणूस त्या दिवशी फुलांचा भाव विचारतो. मीही विचारतो. घासाघीस करतो. किलो-दोन किलो झेंडू आणि थोडी शेवंती पिशवीत घालून घरी येतो. दाराला तोरण लागले की घर एकदम सणाचे दिसू लागते.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. त्या सवयीने तोरण ओवतानाही माझ्या मनात वर्ग भरतो. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडचे लोक नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी आपल्या गेलेल्या माणसांची आठवण म्हणून याच फुलांच्या वाटा घालतात. शेवंती चीनची. आणि ज्याच्या नावाने हे सारे घराणे ओळखले जाते ते सूर्यफूल उत्तर अमेरिकेचे. आपल्याकडे तेलासाठी त्याची लागवड सुरू झाली ती 1969 नंतर, रशियाहून आणलेल्या वाणांनी. तिन्ही पाहुणे, पण आता इतके जुने झाले आहेत की त्यांना पाहुणे म्हणायला जीभ रेटत नाही. घरजावईच म्हणावेत!

हे घराणे मोठे गमतीचे आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते मुळी एक फूल नसतेच. सूर्यफुलाची तबकडी नीट पाहा. बाहेरची प्रत्येक पिवळी पाकळी हे एक फूल, आणि मधला प्रत्येक ठिपका हे दुसरे फूल. शेकडो जीव एका देठावर दाटीवाटीने बसलेले असतात, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटते, वा, काय सुंदर फूल आहे! त्यात पुन्हा रीत अशी की कडेची फुले आधी उमलतात आणि अगदी मधले धाकटे सर्वांत शेवटी. जगात या घराण्याच्या तीस हजारांहून अधिक जाती आहेत. एवढा गोतावळा फार थोड्या कुळांचा असेल. एकत्र कुटुंब म्हणजे काय हे मुलांना सांगताना मी नेहमी सूर्यफुलाचेच उदाहरण देत असे. फळ्यावर खडूने तबकडी काढायचो, आणि मुले खुशीत माना डोलवायची.

पण हे सारे फळ्यावरचे. बांधावर काय चालले होते ते मला दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत कळले.

त्या वर्षी दसऱ्यानंतर आईला ताप आला. आम्ही भावंडे तिला मायच म्हणतो. माय ऐंशी ओलांडलेली. ताप आठ दिवसांत उतरला, पण तोंडाची चव गेली. सुनेने खिमट केले, नातीने नांदेडहून कसलेसे सूप मागवले, मी मोसंब्या आणल्या. माय दोन घास घ्यायची आणि ताट सारायची. शेवटी वसुबारसेच्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, “बाबू, तोंडाला काहीच लागत नाही रे. कुठं पाथरी मिळाली तर बघ. भाकरीसंगं खाईन म्हणते.”

एवढेच ना! मला हायसे वाटले. पाथरी काय, आपल्याच बांधावरची. आपल्या काळ्या जमिनीत तिला कोणी पेरावे लागत नाही. कातरलेली लांबट पाने जमिनीला चिकटून पसरतात, पान तोडले की पांढरे दूध येते, आणि बारीक दांड्यावर पिवळे फूल डोलते. म्हशीला घातली तर दूध वाढते, अशी जुन्या बायकांची खात्री. माणसे ती कच्चीच खातात. भाकरी, तेल-तिखट आणि धुतलेली पाथरी. लहानपणी शेतात आमची न्याहारी अशीच व्हायची. तिचेही घराणे हेच, सूर्यफुलाचे. फक्त तिच्या फुलात मधली तबकडी नसते. सगळीच फुले पाकळीसारखी चपटी. म्हणजे या घरात सगळेच दर्शनी बसलेले!

पिशवी घेऊन मी शेतात गेलो. आमचे शेत कॅनॉलच्या भिजणाऱ्या पट्ट्यात आहे. पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले, पाणी आले, आणि जिथे ज्वारी-करडई होती तिथे केळी नि हळद उभी राहिली. माझे म्हणणे नाही की ते वाईट झाले. त्या केळीवरच माझ्या दोन मुलांची शिक्षणे झाली. पण त्या सकाळी मी बांधावरून चालू लागलो तेव्हा प्रथमच नीट पाहिले की बांधावर काहीच नाही. हिरवे काही नाही नि पिवळेही नाही. वाळलेल्या काड्या आणि तडकलेली माती. पूर्वेचा बांध पाहिला, पश्चिमेचा पाहिला, विहिरीची कडा पाहिली. सगळीकडे तेच.

तिथे मला एकेक आठवू लागले. विहिरीजवळच्या ओलीला दिवाळीनंतर गोरखमुंडी फुलायची. जांभळ्या रंगाची गोल बोंडे, तिचा तो उग्र सुवास, आणि दांड्याला दोन्ही बाजूंनी दातेरी पंख. आमच्या बहिणी त्या बोंडांच्या कुड्या करून कानांत घालायच्या. लिनियसने 1753 साली जगातल्या झाडांची मोठी नोंद केली तेव्हा हिच्या नावापुढे ‘इंडिकस’ लावले, म्हणजे हिंदुस्थानची. पडीक तुकड्यावर उंटकटारी असायची. सगळ्या अंगाला काटे आणि वर निळसर पांढरा चेंडू. त्या चेंडूतल्या प्रत्येक बारीक फुलाला स्वतःचे वेगळे कुंपण असते. एकाच वाड्यात राहायचे, पण चूल प्रत्येकाची वेगळी! आणि पायवाटेला सहदेवी. एवढीशी जांभळी फुले, कोणाच्या नजरेत न भरणारी.

ही आपली खरी घरची माणसे. डॉ. व्ही. एन. नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ 1998 साली प्रसिद्ध केला, त्यात अशा साऱ्यांची रीतसर नोंद आहे. पण माझ्या बांधाच्या नोंदवहीत त्यांची नावे खोडली गेली होती. आणि खोडणारा हात माझाच होता. चार-पाच वर्षांपासून मी तणनाशक मारून घेत होतो. निंदायला माणूस मिळत नाही, मिळाला तर रोज परवडत नाही, आणि पाठीवरचा पंप घेऊन एका माणसाने दोन दिवसांत सगळे उरकते. पिकातले मारता मारता बांधही मारून टाकायचा, म्हणजे शेत कसे स्वच्छ दिसते. शेजारी म्हणायचे, “गुरुजींचं शेत बघा!” आणि मला ते ऐकून बरे वाटायचे. फळ्यावर मी ज्या घराण्याचे कौतुक केले, त्याला बांधावर मीच जाळले. तीस वर्षे शिकवलेला धडा मला स्वतःलाच आला नव्हता.

रिकामी पिशवी घेऊन परतताना आमच्याकडे निंदायला येणाऱ्या मावशी वाटेत भेटल्या. त्यांना विचारले. त्या हसल्या. “आता कुठली पाथरी, गुरुजी! तुम्हीच तर औषध मारायला लावलंत.” मी काहीच बोललो नाही. मग त्याच म्हणाल्या, “कुणाला पाहिजे? मोठ्या मायला का?” मी मान हलवली. “मग थांबा उद्यापर्यंत.”

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, उजाडता उजाडता त्या दारात. पदरात ओंजळ-दोन ओंजळ पाथरी, मुळाची माती अजून ओली. माळाच्या अंगाला त्यांचा दीड एकराचा कोरडवाहू तुकडा आहे. त्यात ज्वारी नि कडेने करडई. औषधाला पैसे नाहीत म्हणून त्या जमिनीत ते कधी पडलेच नाही. माझ्या सुधारलेल्या शेतात जे उरले नव्हते ते त्यांच्या गरीब शेतात सुखरूप होते. मी खिशात हात घातला तशा त्या मागे सरल्या. “पाथरीचे कुठं पैसे असतेत का, गुरुजी?”

मायने त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. एकेक पान हातात घेऊन, उजेडात धरून, मग तोंडात. खाता खाता म्हणाली, “बहात्तरच्या सालात हीच होती.” 1972 च्या दुष्काळाची गोष्ट आमच्या घरी फारशी निघत नाही. मी तेव्हा लहान. मला आठवते ती शाळेतली सुकडी आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, जी नरड्याखाली उतरत नसे. मायने खडी फोडायच्या कामावर दिवस काढले हे ठाऊक होते. ती काय खात होती हे मी कधी विचारले नव्हते. ती सांगत होती, “शेतात पीक नव्हतं. वढ्याच्या काठी ही थोडी दिसायची. मिलोची भाकर तुम्हा लेकरांला, आन् हिचा पाला मला. कडू, पण पोटाला आधार व्हायचा.” एवढे बोलून ती पुन्हा जेवू लागली. मी मात्र उठून ओट्यावर जाऊन बसलो. ज्या झाडाने माझ्या आईला जगवले, ते मी शेत स्वच्छ दिसावे म्हणून जाळले होते.

त्या पाडव्याला मी एक साधा नेम केला. सगळे शेत बिनऔषधाचे करीन अशी प्रतिज्ञा केली नाही. तसे केले असते तर ती मोडली असती. विहिरीपासून पूर्वेकडे जाणारा एक बांध तेवढा सोडला. त्यावर पंप न्यायचा नाही.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्याच वर्षी बांध फुलांनी भरून गेला. छे! पहिल्या पावसानंतर तिथे काय उगवले असेल तर गाजरगवत. तेही याच घराण्यातले, पण अमेरिकेहून आलेले. 1955 च्या सुमारास ते पुण्यात प्रथम ध्यानात आले आणि मग त्याने देशभर हातपाय पसरले. एकेक झाड हजारोंनी बी टाकते. अंगाला लागले की खाज सुटते, एखाद्याला दमही लागतो. पाहुण्यांनाही प्रकार असतात. झेंडू दारात शोभतो, हा मात्र घरच बळकावतो. त्याच्या मागून एकदांडी आली. तीही दूर अमेरिकेचीच, पण गुणी. विळा लागला की शेतकरी तिचाच पाला चुरगळून जखमेवर दाबतो. तिला राहू दिले. गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मी आणि मावशींनी दोनदा उपटले. शेजारी बांधावरून म्हणाले, “काय गुरुजी, तण राखायला लागलात का?” मी म्हटले, “होय. निवडून राखतोय.”

या वर्षी पाऊस ओसरला आणि नवरात्राच्या आसपास मला बांधावर पहिली पाथरी दिसली. मी तिचे बी पेरले नव्हते. तिच्या बियांना पांढऱ्या मऊ केसांचा झुबका असतो. वारा आला की बी त्यावर बसून निघते. मुले त्यालाही ‘म्हातारी’ म्हणतात. मला वाटते, मावशींच्या माळावरूनच ती आली असावी. वारा तिकडूनच येतो. विहिरीच्या ओलीला गोरखमुंडीची चार रोपेही धरली आहेत. जमिनीच्या पोटात तिचे बी इतकी वर्षे वाट पाहत पडले होते की पाण्याबरोबर वाहून आले, देव जाणे. सहदेवी कधी आली ते तर कळलेच नाही. ती आपली नेहमीप्रमाणे न सांगता आली.

परवा नातीला घेऊन बांधावर गेलो होतो. तिने एक म्हातारी तोडून फुंकली आणि उडालेले बी मोजू लागली. सात-आठपर्यंत मोजले आणि वाऱ्याने बाकीचे नेले. ती हिरमुसली. मी म्हटले, “जाऊ दे. ज्याच्या बांधावर पडेल त्याच्याकडे तेवढी सोय झाली.”

यंदाही तोरण झेंडूचेच आहे. पाहुण्याचा मान पाहुण्याला. पण धनत्रयोदशीच्या जेवणात मायच्या ताटात करंजी-अनारशांच्या शेजारी, पहिल्यांदाच आमच्या बांधावरची, मूठभर पाथरी होती. मावशींनाही जेवायला बोलावले होते. मायने एक पान उचलून तोंडात टाकले, सावकाश चावले. मी भीत भीत विचारले, “फार कडू लागली का?”

ती म्हणाली, “कडूच पाहिजे रे, बाबू. गोड तर आता चार दिवस खायचंच हाय.”