गिळणारे आणि परत देणारे

आमच्या पांढुर्ण्यात काही पालक नागपुरास विनोदाने 'कृष्णविवर' म्हणतात. शिकावयास गेलेला मुलगा परतत नाही, हा त्या विनोदामागील सल. दरवर्षी निरोपसमारंभात मुलांना आशीर्वाद देणाऱ्या आम्हां शिक्षकांसही तो जाणवतो. तथापि उपमा द्यावयाची तर ती पुरती द्यावी, असे आम्हांस वाटते. कारण खरे कृष्णविवर केवळ गिळत नाही.

मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी लक्षावधी ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. भोवतालचा वायू त्याच्याकडे ओढला जाताना तापतो व प्रखर प्रकाशतो. यालाच दीर्घिकेचे सक्रिय केंद्र म्हणतात. कित्येकदा त्यातील काही द्रव्य विवरात न पडता, दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपाने प्रचंड वेगाने बाहेर फेकले जाते. हे झोत दूरवरच्या वायूत पोकळ्या पाडतात आणि त्यास तापवितात. तारे मात्र जन्मतात थंड वायूतून! वायू निवला की केंद्रास खाद्य मिळते. केंद्र चेतले की वायू पुन्हा तापतो आणि खाद्य तुटते. घरची स्वयंचलित इस्त्री अशीच चालते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेस, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक मोठा समुदाय आहे. तेथील वायूत एका महास्फोटाने पाडलेली पोकळी २०२० साली जाहीर झाली. त्या शोधात खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता. आपल्या आकाशगंगेएवढ्या १५ दीर्घिका त्या पोकळीत एका ओळीत मावतील! आज तेथील झोत शांत आहेत. दाट, थंड वायू केंद्रापासून दूर सरकल्याने खाद्य तुटले असावे, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

नागपूरही परत देतेच. मुलांनी पाठविलेल्या पैशांतून येथे पक्की घरे उठतात. परंतु त्याच घरांना कुलपे आणि संत्र्यांचे बगीचे ठेक्याने दिलेले पाहिले, म्हणजे मनात येते : ही परत आलेली ऊब गावात नवे काही जन्मू देते, की जन्मण्याआधीच थोपविते? काही थोड्या दीर्घिकांत झोतांच्या दाबाने वायू आकसून नवे तारे जन्मल्याचेही आढळले आहे. विरळ होत चाललेल्या वर्गांतून फिरताना आम्ही त्या थोड्या दीर्घिकांचे स्मरण ठेवितो.