हुनवाल्डचे घर

ऐतिहासिक कादंबरीची चर्चा बहुधा साधनांच्या विपर्यासाभोवती घोटाळत राहते. साधन जवळजवळ एकच असेल तर कादंबरीकाराने काय करावे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. सातव्या शतकातील उत्तर इंग्लंडच्या राजांवर लिहिणाऱ्यांपुढे नेमका तोच प्रश्न असतो. जॅरोच्या मठातील बीड या ख्रिस्ती साधूने इ. स. 731 मध्ये पूर्ण केलेला लॅटिन धर्मेतिहास बाजूला ठेवला, तर या राजांची नावे तेवढी उरतील, माणसे उरणार नाहीत.

नॉर्थम्ब्रियाच्या दोन भागांचे दोन राजे, बर्निशियाचा ऑस्विउ आणि डिएराचा ऑस्विन. नावे जुळ्या भावांची वाटावीत अशी, घराणी मात्र एकमेकांच्या जिवावर उठलेली. ऑस्विनने बिशप एडनला एक उमदा घोडा दिला आणि एडनने तो वाटेत भेटलेल्या भिकाऱ्याला साजासकट देऊन टाकला. राजाने याबद्दल बोल लावताच बिशपने उलट विचारले की, घोडीचे पोर देवाच्या लेकरापेक्षा अधिक मोलाचे आहे काय? शिकारीहून परतलेला राजा शेकोटीपाशी उभा राहिला. मग एकाएकी कमरेची तलवार सोडून सेवकाच्या हाती देत तो एडनच्या पायांशी गेला. पुढे राजा आनंदाने जेवला; एडनच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागले. इतका नम्र राजा फार काळ जगणार नाही, हे त्याला उमगले होते.

आणि तसेच घडले. 651 साली आपले सैन्य अपुरे आहे हे ओळखून ऑस्विनने ते परत पाठविले आणि टॉन्डहेर या एकाच विश्वासू सैनिकासह तो हुनवाल्ड नावाच्या सरदाराच्या घरी लपला. हुनवाल्डला तो मित्र समजत होता. हुनवाल्डने त्याला शत्रूच्या हवाली केले, आणि 20 ऑगस्टला ऑस्विउने एथेलविन या अधिकाऱ्याकरवी राजा व सैनिक दोघांनाही ठार करविले. त्यानंतर बाराव्या दिवशी एडनही वारला.

हुनवाल्डने असे का केले, याविषयी बीड एक अक्षरही लिहीत नाही. आधुनिक कादंबरीला हे मौन सोसत नाही. ती जमिनीचा लोभ आणते, जुना अपमान उकरून काढते, नाही तर निदान भीतीचा आश्रय घेते. पण कारण मिळताच विश्वासघात आकलनीय होतो, आणि आकलनीय झाला की त्याचे वजन उतरते. ऑस्विउलाही 'विखुरलेले राज्य एकत्र आणणारा मुत्सद्दी' ठरविणे आज फार सोपे आहे. बीडला ते अधिकच सोपे होते. त्याच्या मठाला जमीन दिली होती ती ऑस्विउच्याच मुलाने, एकफ्रिथने. तरीही त्या मठात बसून त्याने या वधाला निंद्य कृत्यच म्हटले. कादंबरीकाराकडे कल्पनेचे स्वातंत्र्य असते खरे. परंतु एवढी निष्ठुरता त्याला सहसा साधत नाही.

निकोला ग्रिफिथ यांच्या 'हिल्ड' (2013) या कादंबरीने वेगळी वाट धरली. पुढे मठाधिपती झालेल्या हिल्डच्या सहासष्ट वर्षांच्या आयुष्याचे बीड दोन समान भाग पाडतो आणि पहिल्या तेहतीस वर्षांची काही ओळींत बोळवण करतो. ग्रिफिथ या पहिल्या भागात शिरतात. एडविन राजाच्या दरबारात वाढणाऱ्या मुलीच्या नजरेतून तेथे राजा दिसतो. त्याचे अंतरंग उलगडून दाखविले जात नाही. त्याची मर्जी ओळखण्यावर त्या मुलीचा जीव अवलंबून असतो, म्हणून त्याचे निरीक्षण होते. (तिची बुद्धी क्वचित आजच्या वाचकाची वकिली करते, हा दोष मान्य करावाच लागेल.) येथे बीडच्या मौनाचा अर्थ लावलेला नाही. ज्या दिशेला त्याने पाहिलेच नाही, तेथे कादंबरी जाऊन बसली आहे.

हुनवाल्डच्या कथेतही अशी एक दिशा आहे. ऑस्विउची राणी ईनफ्लेड ही ऑस्विनची नातलग. जेथे वध झाला त्या गिलिंग येथे तिने नवऱ्याकडून मठासाठी जमीन मिळविली, आणि ऑस्विनच्याच कुळातला ट्रुमहेर तेथे मठाधिपती झाला. मारला गेलेला राजा आणि मारविणारा राजा, दोघांसाठीही तेथे रोज प्रार्थना व्हावी अशी योजना होती. राणीने हे नवऱ्याकडे कोणत्या शब्दांत मागितले, ते बीडने लिहिलेले नाही.