अस्वलांच्या गावात पोळा

या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदाच बर्लिनला आले. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर. विमानतळावरून घरी येताना त्यांनी रेल्वेचं कौतुक केलं नाही, रस्त्यांचं केलं नाही. पण आमच्या स्टेशनबाहेर पडल्यावर चौकात ते थबकले. समोर माणसापेक्षा उंच, निळ्याजांभळ्या रंगात रंगवलेलं एक अस्वल दोन्ही हात वर करून उभं होतं.

"हे कायले उभं केलं वं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, हे बर्लिनचं अस्वल. गावभर आहेत अशी."

"अन् याची वर्गणी कोन देते?"

मी हसले, पण नंतर लक्षात आलं की नऊ वर्षं इथे राहून मला न सुचलेला प्रश्न बाबांनी पहिल्या तासात विचारला होता. गणेशोत्सवात मंडळांच्या कमानींवर सराफ, कापडवाले, बिल्डर यांची नावं वाचत मोठं झालेल्या माणसाला रस्त्यात उभी असलेली कोणतीही सजवलेली मूर्ती दिसली की तिच्यामागे पैसे कोणाचे हे कळायला हवं, हे साहजिकच आहे.

तर या अस्वलांची वर्गणी. बर्लिनच्या नावाशी अस्वल फार जुन्या काळापासून जोडलेलं आहे. १२८० सालच्या मोहरेवरही अस्वल आहे, आणि आज शहराच्या ध्वजावर ते दोन पायांवर उभं असतं. २००१ साली एवा आणि क्लाउस हेरलिट्स या दांपत्याने हे अस्वल ध्वजावरून रस्त्यावर उतरवलं. रोमान श्ट्रोबल या शिल्पकाराने फायबरग्लासचं, सुमारे दोन मीटर उंचीचं कोरं अस्वल घडवलं: कुठे हात वर करून उभं, कुठे चार पायांवर, कुठे चक्क डोक्यावर उभं. ही कोरी अस्वलं बँकांनी, हॉटेलांनी, दुकानांनी, कारखान्यांनी घ्यायची, चित्रकारांकडून रंगवून घ्यायची आणि आपल्या दारात किंवा चौकात उभी करायची. पहिल्याच वर्षी अशी शेकडो अस्वलं शहरात आली. त्यांतल्या अनेकांचा पुढे लिलाव झाला आणि पैसे गरजू मुलांच्या कामाला गेले. नाव पडलं 'बडी बेअर', म्हणजे दोस्त अस्वल.

कल्पना मूळची बर्लिनची नाही. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिक शहराने १९८६ मध्ये रंगवलेले सिंह मांडले आणि १९९८ मध्ये गाई. ती गाईंची युक्ती १९९९ मध्ये शिकागोला गेली आणि तिथून जगभर पसरली. जर्मनीतही प्रत्येक गावाने आपापला प्राणी शोधला. वुपरटालने २००६ मध्ये आपल्या प्राणिसंग्रहालयाच्या १२५ वर्षांनिमित्त पेंग्विन मांडले. डोर्टमुंडमध्ये पंख असलेले गेंडे दिसतात. ते तिथल्या संगीतगृहाचं बोधचिन्ह. हाम गावात हत्ती आहेत, कारण तिथल्या जुन्या कोळसा खाणीची एक इमारत १९८४ मध्ये काचेच्या प्रचंड हत्तीत बदलली गेली. त्याच हामला कामाक्षी अम्मनच्या देवळासाठी आपल्यापैकी अनेकजण गाडी काढून जातात. पुढच्या वेळी मुलांना हत्तीही दाखवा. आणि आपली मुंबई? २०१८ मध्ये तिथेही रंगीत हत्ती मांडले होते.

हे सगळं मी बाबांना ट्राममध्ये सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे पोळाच की. फक्त बैल जिता नाही."

मग मला ते चित्र तसंच दिसायला लागलं. गावचा पोळा आठवला. खांदशेकणीच्या दिवशी बैलांना नदीवर नेऊन धुवायचं, खांद्याला तूप-हळद लावायची. पोळ्याला शिंगं रंगवायची, अंगावर गेरूचे ठिपके, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून विदर्भात चालत आलेला. चाकांचे लाकडी बैल सजवून आम्ही पोरं घरोघर फिरायचो आणि बोजारा मागायचो. कोणी चार आणे, कोणी रुपया, कोणी खाऊ. कोणाचा बैल चांगला सजला यावरून भांडणं आणि बक्षिसंही. बक्षिसं द्यायला गावातला किराणा दुकानदार आणि कृषी केंद्रवाला असायचे. तेही प्रायोजकच, फक्त तो शब्द तेव्हा आम्हाला येत नव्हता.

बर्लिनमध्ये ज्याला अस्वलं बघायची आहेत त्याने कुडामच्या रस्त्याने चालावं. दुकानांसमोर, हॉटेलांच्या दारात ती भेटत राहतात. बाबांना मी तिथे नेलं. एक गोष्ट त्यांनी लगेच टिपली. काही अस्वलांवर खरंच चित्रकाराने जीव ओतलेला असतो, आणि काहींवर फक्त दुकानाचा रंग आणि दुकानाचं नाव. "हे अस्वल नाही, हे बोर्ड आहे," बाबा एका अस्वलासमोर म्हणाले. इथल्या कलेच्या जाणकारांचा आक्षेपही नेमका हाच आहे: सार्वजनिक जागा, कला म्हणायचं आणि करायची जाहिरात. आक्षेप खोटा नाही. पण ज्या दिवाळी अंकात तुम्ही हा लेख वाचताय त्याची पानं उलटून बघा. मसालेवाले, विमा सल्लागार, तिकीट काढून देणारे, इडलीचं पीठ विकणारे. त्यांच्या जाहिरातींशिवाय हा अंक छापला गेला नसता. वर्गणी देणाऱ्याचं नाव यावं यात गैर काही नाही. नाव मूर्तीपेक्षा मोठं झालं की मात्र बिघडतं.

बाबांना मी आणखी एक जागा दाखवली, ती पर्यटकांच्या यादीत नसते. क्योलनिशर पार्कमध्ये विटांची एक इमारत आहे, तिच्याभोवती खंदक. १९३९ पासून इथे शहराची खरीखुरी अस्वलं ठेवलेली असत. शहराचं चिन्ह जिवंत बघता यावं म्हणून. शेवटची अस्वलीण श्नूटे २०१५ मध्ये गेली, चौतीस वर्षांची होऊन. त्याआधी कितीतरी वर्षं लोक म्हणत होते की हे बंद करा, एवढ्याशा जागेत अस्वल कसलं ठेवता. आता तिथे कलाप्रदर्शनं भरतात.

बाबा कठड्याला टेकून बराच वेळ रिकाम्या खंदकाकडे बघत राहिले. मग त्यांनी दरवेशाची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी नाकात दोरी घातलेलं अस्वल घेऊन दरवेशी गावात यायचा. पोरांची भीती जावी म्हणून आया त्यांना अस्वलाच्या पाठीवर बसवायच्या, केस मागून ताईतात घालायच्या. बाबांनाही बसवलं होतं. "माही भीती गेली," ते म्हणाले, "पन अस्वलाची कशी गेली असंल?" नंतर म्हणाले, "फायबरचं बरं."

आता आमच्या कोपऱ्यावरच्या अस्वलाबद्दल. घराजवळ औषधांचं एक जुनं दुकान आहे. दारात हिरव्या रंगाचं अस्वल, अंगभर औषधी वनस्पती रंगवलेल्या. मी नवीन आले तेव्हा माझं जर्मन फक्त 'हो', 'नाही' आणि 'धन्यवाद' एवढंच होतं. एमए मराठी, सहा वर्षं शाळेत शिकवलेलं, आणि इथे एका कार्यालयात सगळी कागदपत्रं घेऊन गेल्यावर कळलं की त्या सहा वर्षांना इथे रकाना नाही. त्या हिवाळ्यात लेकीला बाबागाडीत घालून मी रोज त्या दुकानापर्यंत जायचे आणि परत यायचे. दुकानाच्या मालकीणबाई अस्वलावरच्या एकेका पानाकडे बोट दाखवून नाव सांगायच्या. पुदिना, बडीशेप, शेवंतीसारखं दिसणारं कॅमोमाइल. माझे पहिले पन्नास जर्मन शब्द त्या अस्वलाच्या पोटावरचे आहेत.

यंदा जूनमध्ये बाई म्हणाल्या की वर्षअखेर दुकान बंद. वय झालं, चालवायला पुढे कोणी नाही. मी पहिलं काय विचारलं असेल? "अस्वलाचं काय?" नंतर माझीच मला लाज वाटली. बाईंना राग आला नाही. म्हणाल्या, एका बालवाडीने मागितलंय, पण अवस्था बघ. खरंच, थंडीपावसाने रंगावर काजळी चढली होती, एका पंज्याचे पोपडे उडाले होते. मी उत्साहाने म्हटलं, मी रंगवते! बाई घाबरल्याच. चित्र चित्रकाराचं आहे, त्याला विचारल्याशिवाय त्यावर ब्रश लावता येत नाही, इथला कायदा तसा आहे. धुवायला मात्र हरकत नाही.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी कॅलेंडर काढलं. त्यांच्या पिशवीत कालनिर्णय असतंच. "गुरुवारी खांदशेकणी," ते म्हणाले. "बैल रंगवाच्या आंधी धुवाच लागते."

गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं बादल्या, मऊ फडकी आणि साधा साबण घेऊन गेलो. लेक आठ वर्षांची आहे. घरात मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. रस्त्यात मी मराठीत बोलले की हळूच म्हणते, "आई, हळू बोल." मी शिक्षिका, मंडळाच्या वर्गात दर पंधरवड्याला वीस मुलांना बाराखडी शिकवते आणि माझ्याच घरात ही अवस्था. हे लिहायला सोपं नाही, पण वाचणाऱ्या अनेक आया ओळखतील.

बाबांनी धोतर खोचलं आणि अस्वलाच्या खांद्यापासून सुरुवात केली, अगदी बैलाची करावी तशी. खांदा, मान, पाठ, मग पाय. येणारेजाणारे थांबायला लागले. एका आजोबांनी विचारलं, हे काय चाललंय? माझ्या आधी लेकीनं उत्तर दिलं. जर्मनमध्ये, भराभर. की आमच्याकडे वर्षभर काम केलेल्या बैलांना एक दिवस सुट्टी असते, आदल्या दिवशी त्यांचे खांदे शेकतात, हे अस्वल इथे चोवीस वर्षं उभं आहे, त्याला कोणी सुट्टी दिली नाही. चोवीस हा आकडा तिचाच. अस्वल नेमकं कधीचं ते बाईंनाही आठवत नाही. मी तिला पोळ्याबद्दल इतकं कधी सांगितलं होतं? सांगितलं असेल, किंवा बाबांनी.

दुसऱ्या दिवशी पोळा. मी पुरणपोळ्या केल्या, दोन बाईंना नेऊन दिल्या. शनिवारी तान्ह्या पोळ्याला लेक दुकानात गेली, काउंटरसमोर हात पसरून उभी राहिली आणि मोठ्याने मराठीत म्हणाली, "बोजारा!" बाईंना काही कळलं नाही, पण हात पसरलेल्या मुलाला काय द्यायचं हे कोणत्याही गावात कळतं. त्यांनी काउंटरमागची द्राक्षसाखरेच्या वड्यांची बरणी पुढे केली.

या दोस्त अस्वलांचं आणखी एक रूप आहे. २००२ मध्ये ब्रांडेनबुर्ग गेटजवळ जगातल्या शंभराहून अधिक देशांची अस्वलं गोलात मांडली होती, प्रत्येक देशाचं त्या देशातल्या कलाकाराने रंगवलेलं. पुढे हा गोल टोकियो, सिडनी, कैरो, जेरुसलेम असा फिरला आणि २०१२ मध्ये नवी दिल्लीतही आला. जिथे मांडायचा तिथल्या भाषेच्या वर्णक्रमाने मांडतात, त्यामुळे शेजारी बदलत राहतात. जर्मन यादीत इराण आणि इस्रायल यांच्यामध्ये फक्त आयर्लंड आणि आइसलंड येतात. सुट्टीनंतरच्या वर्गात मी मुलांना सांगितलं, हा गोल आपल्या वर्णमालेने लावा. वीस मुलं, प्रत्येकाच्या हातात कागदी अस्वल. अर्धा तास गोंधळ. ब्रुनेई 'बो'च्या आधी की नंतर यावर जोरदार भांडण झालं, जोडाक्षरं अशीच शिकायची असतात. शेवटी जर्मनी जमैकाच्या शेजारी उभी राहिली आणि भारताच्या एका हाताला ब्रुनेई, दुसऱ्या हाताला भूतान. जर्मनीपासून भारत बराच लांब पडला. माझी लेक जर्मनीचं अस्वल धरून उभी होती. तिने एकदा त्या बाजूला पाहिलं आणि म्हणाली, "पण गोलच आहे ना, फिरून येता येतं." हे मात्र जर्मनमध्ये.

बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले. जाताना त्यांनी अस्वलाच्या पाठीवर थाप मारली. चित्रकाराचं पत्र आलंय, पंजा तो स्वतः येऊन दुरुस्त करणार आहे. जानेवारीत अस्वल बालवाडीत जाईल. खालच्या पाटीवर दुकानाचं नाव आहे, ते दुकान तेव्हा नसेल. पाटी काढावी का, असं बालवाडीनं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, तुम्ही ठरवा. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, राहू द्या. ज्याने वर्गणी दिली त्याचं नाव लहान अक्षरात कुठेतरी असावंच.