दोन दारांची गाडी

आमच्या वसईच्या वाडीत मोटार प्रथम आली ती भाजीपाल्याच्या टेम्पोच्या रूपाने. माझे वडील तो टेम्पो रोज पहाटे दादरच्या बाजारात नेत. इंजिनाचा आवाज किंचित बदलला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडे. गाडी बोलत असते, आपण गप्प बसून ऐकावे, एवढेच ड्रायव्हिंगचे शिक्षण त्यांनी मला दिले. त्याच शिदोरीवर १९८९ साली मी दुबईला गेलो आणि एका सिंधी कापड व्यापाऱ्याच्या पदरी ड्रायव्हर म्हणून राहिलो. अशा माणसाचा आणि लाख पौंडांच्या मोटारींचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आला तो २००५ साली, आणि तो असा आला की आठवडाभर मला धड झोप लागली नाही.

शेठ तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. शेठाणी आदल्याच वर्षी निवर्तल्या होत्या. त्या असताना मागच्या आसनावर दोघांचा अखंड संवाद चाले. अर्धा भांडणाचा, अर्धा हिशेबाचा. त्या गेल्यावर आरशात पाहिले की शेठच्या शेजारची रिकामी जागाच आधी नजरेत भरे. एके दिवशी ते म्हणाले, "जन्मभर मागे बसलो. आता स्वतः चालवीन म्हणतो. दोन गाड्या मनात आहेत. दोन्ही तू चालवून पाहा आणि कोणती घ्यावी ते सांग."

त्या दोन गाड्या म्हणजे बेंटली कॉन्टिनेंटल जी.टी. आणि ॲस्टन मार्टिन डी.बी. ९. दोन्ही इंग्लंडात तयार होणाऱ्या, दोन्ही बारा सिलिंडरांच्या, दोन्ही दोन दारांच्या. जी.टी. ही अक्षरे 'ग्रान तुरिस्मो' या इटालियन शब्दांची. पूर्वी इंग्रज उमरावांचे तरुण पुत्र शिक्षण पुरे करण्यासाठी पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम असा महिनोन् महिने प्रवास करीत. त्या 'ग्रँड टूर'ची आठवण या नावात उरली आहे. दोन माणसे, त्यांचे सामान, आणि शेकडो मैलांचा रस्ता वेगाने पण न थकता कापण्याची ताकद, एवढे ज्या गाडीत आहे ती जी.टी. मागे दोन आसने असतात, पण ती कोट ठेवण्यापुरती. अशी गाडी मालकाने स्वतः चालवावी म्हणूनच बनते. ड्रायव्हरला तीत जागाच नसते. हे मला शोरूमच्या दारात उमगले, आणि हातातली किल्ली एकाएकी जड वाटू लागली.

प्रथम बेंटली घेतली. शेठ शेजारी बसले, आणि शोरूमचा तरुण विक्रेता मागे गुडघे हनुवटीला लावून. जबल अलीपर्यंत जाऊन परत यायचे होते. १९९८ सालापासून ही कंपनी फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या मालकीची आहे. गाडी मात्र क्रू गावी तयार होते. तिचे सहा लिटरचे इंजिन डब्ल्यू या अक्षराच्या आकाराचे, म्हणून बारा सिलिंडर असूनही आखूड. दोन टर्बो, साडेपाचशेहून अधिक अश्वशक्ती, आणि चारही चाकांना जोर. वजन सुमारे चोवीसशे किलो! एवढे धूड हलेल कसे, अशी शंका घेऊन मी पाय ठेवला, तर इंजिन सोळाशे फेऱ्यांवरच आपली सारी ओढ देऊन मोकळे झाले. आवाज नाही, धडपड नाही. खिडकीबाहेरचे खांब तेवढे जवळजवळ येऊ लागले. हवेवरच्या सस्पेन्शनमुळे रस्त्यावरचे सांधे जणू दुसऱ्याच कुणाच्या गाडीखालून जात होते. आत अक्रोडाच्या लाकडाचे पातळ पापुद्रे असे जोडलेले, की डाव्या बाजूची नक्षी उजवीकडे आरशातल्याप्रमाणे उमटावी. शेठनी त्या लाकडावरून हात फिरवला आणि ते काही बोलले नाहीत.

ॲस्टन मार्टिनची गोष्ट वेगळी. डी.बी. म्हणजे डेव्हिड ब्राऊन. या उद्योगपतीने १९४७ साली ती कंपनी विकत घेतली, त्याच्या नावाची ही आद्याक्षरे. २००५ साली तिची मालकी फोर्डकडे होती. दार उघडताना सरळ बाहेर न येता किंचित वर उचलले जाते, राजहंसाने पंख हलवावा तसे. गियरचा दांडा नाही, समोर बटणे. इंजिन सुरू करण्याचे बटण काचेचे. फेऱ्यांचा काटा इतर गाड्यांच्या उलट दिशेने फिरतो. ॲल्युमिनियमचे भाग डकवून बांधलेली तिची चौकट बेंटलीहून सुमारे सहाशे किलोंनी हलकी गाडी देते. म्हणजे वडिलांच्या टेम्पोची जवळजवळ एक खेप! इंजिन पुढे, पण गियरबॉक्स मागच्या चाकांपाशी, म्हणून वजन दोन्हीकडे सारखे. जोर मात्र फक्त मागच्या चाकांना, आणि शक्ती साडेचारशे अश्वांची. कागदावर ती बेंटलीपुढे कमीच. परंतु काटा चार हजारांच्या पुढे गेला आणि सायलेन्सरमधून असा स्वर उठला, की मागे घडी होऊन बसलेला तो विक्रेताही हसला. स्टिअरिंग बोटांना रस्ता सांगत होते. वडील असते तर म्हणाले असते, ही बोलते. माझ्यापुरता निकाल तेथेच लागला होता.

उतरताना मात्र शेठना दोनदा प्रयत्न करावा लागला. आसन फार खाली, आणि त्यांचा उजवा गुडघा अधू. शेवटी त्यांनी माझा खांदा धरला.

त्या रात्री मी खोलीत जागा होतो. घरी वाडीत स्लॅब पडायचा होता, धाकटी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, आणि तिकडे नोकरी गेली की व्हिसाही जातो. 'शेठ, यांतली एकही घेऊ नका' असे सांगण्यास कारणे शोधावी लागणार नव्हती: गुडघा, उन्हाळ्यातली पंचेचाळीस अंशांची धग, गल्लोगल्लीचे गतिरोधक. शिवाय एक खरे कारण मला एकट्यालाच माहीत होते. रात्री समोरच्या दिव्यांनी शेठचे डोळे दिपत. हे सांगावे तर ते कर्तव्य, पण त्यातून माझी नोकरीही वाचणार. न सांगावे तर मी निःस्वार्थी ठरणार, आणि ते कुठल्यातरी ट्रकवर जाऊन आदळणार. आपल्याच मनावर आपला इतका अविश्वास मला कधी वाटला नव्हता. शुक्रवारी सेंट मेरीज चर्चमध्ये मिस्साला गेलो, तेथेही हेच गणित डोक्यात.

शनिवारी मी सांगून टाकले. "गाडी म्हणून विचाराल तर डी.बी. ९ सरस आहे. पण ती माझ्या हातांची गाडी, तुमच्या गुडघ्यांची नव्हे. तुम्ही बेंटली घ्या. ती चुका पोटात घालील. आणि रात्री चालवू नका, शेठ. तुम्हाला समोरचे नीट दिसत नाही."

"मी म्हातारा झालो, असे म्हणतोस?"

"दिसत नाही, एवढेच म्हणतो."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बेंटलीची ऑर्डर गेली. रंग गडद हिरवा. माझ्याविषयी मात्र कुणी काहीच म्हणाले नाही, आणि विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

२००६ च्या जानेवारीत एका शुक्रवारी दुपारी शेठनी मला बोलावले. आम्ही अल् ऐनच्या जबल हफीतवर गेलो. पावणेबारा किलोमीटरचा घाट, साठ वळणे. चालवत होते ते, आणि मी इतक्या वर्षांत प्रथमच उजव्या बाजूला बसलो होतो. प्रत्येक वळणावर माझा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. "अरे, ब्रेक माझ्याकडे आहे," ते हसून म्हणाले. माथ्यावर थांबून आम्ही चहा घेतला. चालवले त्यांनी बरे, वळणात जरा उशिरा वळत, एवढेच. उतरताना त्यांनी काच खाली केली, इंजिन ऐकू यावे म्हणून. बेंटलीचे इंजिन फारसे ऐकू येत नाही.

घाट संपला तेव्हा सूर्य टेकला होता. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे लागू लागले. शेठनी गाडी कडेला घेतली, हळूहळू उतरले, बॉनेटला वळसा घालून आले आणि एक शब्दही न बोलता माझ्या बाजूचे दार उघडून उभे राहिले.