करवीरचा चित्रपट-कारखाना

कोल्हापुरास गेलेला प्रवासी अंबाबाईचें दर्शन घेतो, सायंकाळीं रंकाळ्यावर फिरतो आणि घरीं परततो. त्यानें वाट थोडी वांकडी करून खरी कॉर्नरवरून जावें, असें सुचवावेंसें वाटतें. तेथें एका कॅमेऱ्याचा स्मारकस्तंभ उभा आहे. देवाचा नव्हे, राजाचा नव्हे, तर यंत्राचा स्तंभ! पण त्या यंत्राची कथाच तशी आहे.

बाबूराव पेंटर व त्यांचे चुलतबंधु आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं झळकला आणि हलत्या चित्रांचें वेड याही दोघांस लागलें. चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा हवा. तो विलायती, आणि तिकडे महायुद्ध पेटलेलें. तेव्हां तो आपल्याच हातांनीं घडविण्याचें ठरलें. काम अर्धवट असतांनाच १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं पुढें विष्णुपंत दामले यांना हाताशीं घेऊन तो पुरा केला.

१९१७ सालीं स्थापन झालेल्या 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'स पैसा कोणी पुरविला? गायिका तानीबाई कागलकर यांनीं! आपल्या सुशिक्षित घरांतून अशा स्त्रियांचीं नांवें त्या काळीं दबक्या आवाजांत घेतलीं जात. मराठी चित्रपटाचा इतिहास सांगतांना मात्र हें नांव मोठ्यानेंच घ्यावयास हवें.

फाळक्यांची तारामती अण्णा साळुंके या पुरुषानें वठविली होती. १९२० सालच्या 'सैरंध्री'त बाबूरावांनीं स्त्रियाच उभ्या केल्या. त्यांतील कीचकवध इतका हुबेहूब उतरला कीं सरकारनें तो भाग कापावयास लावला. लोकमान्यांनीं बाबूरावांस 'सिनेमा केसरी' म्हटलें, तें याच चित्रपटावरून.

पण आमच्या मतें खरें धाडस १९२५ सालच्या 'सावकारी पाशा'चें. पुराणांतले देव आणि इतिहासांतले वीर बाजूस सारून, नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून, कर्जापायीं जमीन गमावून शहरांतील गिरणीची वाट धरणारा शेतकरी बाबूरावांनीं पडद्यावर आणला. ती भूमिका केली होती कंपनींतच वाढलेल्या शांताराम वणकुद्रे या तरुणानें.

१९२९ सालीं हेच शांताराम, दामले व फत्तेलाल बाहेर पडले आणि दोघां सहकाऱ्यांसह त्यांनीं 'प्रभात' काढली. मूकपटाचा काळ सरला, तशी जुनी कंपनीही मिटली. तिच्या चित्रपटांपैकीं १९२७ सालच्या 'मुरलीवाला' व 'सती सावित्री' यांचे कांहीं तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत आहेत. 'सावकारी पाश' बाबूरावांनीं १९३६ सालीं बोलपट म्हणून पुन्हां काढला. मूळ मूकपट नाहींसा झाला. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनीं तो बोलपट पाहिला होता, आणि पुढें अनेक वर्षांनींही त्यांस एकच दृश्य आठवत असे: अंधुक उजेडांतली ती झोंपडी, आणि तेथें ऐकूं येणारें कुत्र्याचें रडणें.