सीता, गीता आणि चाचा

परवा रात्री चॅनल बदलता बदलता 'सीता और गीता' लागलेला दिसला. सिनेमा अर्ध्यावर आला होता. गीता पंख्यावर चढून बसलेली आणि खाली सगळ्यांचा आरडाओरडा चाललेला. लेक म्हणाली, "बाबा, ही खाली का येत नाही?" मी म्हटलं, "खाली आली की तिला त्या घरी नेतील." ती खळखळून हसली. मला मात्र हसू आलं नाही. हा सिनेमा लागला की मला मुरुम आठवतं, आणि मुरुम आठवलं की आत्या.

मुरुम म्हणजे उमरगा तालुक्यातलं आमचं गाव. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. सोलापूर-हैदराबाद रस्ता सोडून आत वळायचं. गावाच्या पुढे थोडं गेलं की कर्नाटक. त्यामुळे घरात मराठी, बाजारात कानडी आणि दखनी हिंदी हे आम्हाला लहानपणापासून सवयीचं. आमच्या भागात काळ भूकंपाच्या आधीचा आणि भूकंपानंतरचा असा मोजतात. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट कोणी विसरलेलं नाही. मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या चार-पाच वर्षं आधीची.

गणपतीत गल्लीतली पोरं वर्गणी काढून व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने आणायची. रात्रभरात तीन सिनेमे. पुढे आम्ही पोरं पोती टाकून, मागे बाया, त्याच्या मागे भिंतीला टेकून माणसं. त्या वर्षी पहिलाच सिनेमा 'सीता और गीता' होता. आणि त्या रात्री आजी आत्याला म्हणाली, "जा की गं, तू बी बघून ये."

आत्या माझ्या जन्माआधीच माहेरी परत आली होती. नवऱ्याने नांदवलं नाही, एवढंच आम्हाला माहीत. कोणी जास्त बोलायचं नाही. पहाटे पाचला चूल पेटवायची, चौदा माणसांच्या भाकरी, म्हशीचं शेण, विहिरीवरचं धुणं, दुपारी तूर-ज्वारी निवडणं, हे सगळं तिचं. तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण घरात काहीही सांडलं, फुटलं, करपलं की पहिलं नाव तिचं निघायचं. मी शाळेतून आलो की दप्तर फेकायचो आणि ओरडायचो, "आत्या, पाणी!" एकदाही उठून स्वतः घेतलं नाही.

तर सिनेमा. गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. जुळ्या बहिणींची लहानपणीच ताटातूट होते. सीता मोठ्या घरात वाढते, पण चाचीच्या हाताखाली मोलकरणीसारखी. गीता रस्त्यावर डोंबाऱ्याचे खेळ करते. मग अदलाबदल होते आणि गीता त्या घरात येऊन सगळ्यांना वठणीवर आणते. मनोरमाचे ते वटारलेले डोळे पाहून बाया शिव्या घालत होत्या. गीताने पट्टा हातात घेतला आणि त्या रणजितला बडवायला लागली तेव्हा तर गल्लीत असा गलका झाला की कुत्री भुंकायला लागली. मी मागे वळून पाहिलं. आत्या तोंडात पदर कोंबून हसत होती. तिला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. निदान मला तेव्हा ते हसण्याचंच पाणी वाटलं.

घरी जाताना मी विचारलं, "आवडला का गं?"

म्हणाली, "चांगला हाय. पण त्याला जुळी बहीण असावी लागती की रे बाबा."

पहाटे पाचला ती पुन्हा चुलीपुढे.

पुढे मोठेपणी सिनेमाचं वेड लागलं तेव्हा कळलं की ही गोष्ट फिरत फिरत आपल्याकडे आलेली आहे. १९६४ साली तेलुगूत 'रामुडू भीमुडू' आला, त्यात एन. टी. रामाराव दुहेरी भूमिकेत. दिग्दर्शक तापी चाणक्य. त्यांनीच १९६७ मध्ये दिलीपकुमारला घेऊन हिंदीत 'राम और श्याम' केला. मग १९७२ मध्ये रमेश सिप्पींनी तीच कल्पना बायकांवर बेतली, हेमा मालिनीला घेऊन. १९८९ मध्ये श्रीदेवीचा 'चालबाज़' आला, तोही त्याच वाटेवरचा. इतक्या भाषांत, इतक्या वर्षांत लोकांना पुन्हा पुन्हा हीच गोष्ट हवीशी वाटते. आपल्यासारखाच दिसणारा, पण न घाबरणारा कोणीतरी येईल आणि आपल्या जागी उभा राहील, ही ती आशा.

एक फरक मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आला. 'राम और श्याम'मध्ये छळणारा पुरुष आहे, प्राणने केलेला मेहुणा. गोष्ट बायकांची झाली तेव्हा सगळ्या शिव्या खायला चाची पुढे आली. आणि चाचा? सत्येन कप्पूने केलाय तो. तोच, पुढे 'शोले'त ठाकूरचा रामलाल झालेला. चाचा भला माणूस आहे. सीतावर त्याचा जीव आहे. तिच्यावर अन्याय होतोय हे त्याला दिसतं, वाईटही वाटतं. पण बोलत नाही. आणि ज्या पैशावर ते घर चाललंय तो सीताच्या आईबापाचा आहे, हेही त्याला पक्कं माहीत आहे.

इथे येऊन मी अडकतो. कारण आमच्या घरात मनोरमा कोणीच नव्हती. आई कडक होती, पण तीही त्याच चुलीच्या धुरात राबत होती. आमचं घर चाचांनी भरलेलं होतं. आजोबा, अण्णा, काका. आणि मी.

आजोबा गेल्यावर, १९९६ साली, हक्कसोडपत्र झालं. कायदा नव्हता असं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा दिलेला आहे. २००५ च्या दुरुस्तीने तर मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क मिळाला. पण बहिणीने हक्क सोडायचा ही रीत. सोडला नाही तर माहेर तुटतं. आणि आत्याला तर माहेराशिवाय दुसरं घरच नव्हतं. आम्ही उमरग्याला गेलो. मी अठरा वर्षांचा होतो. कागदावर काय लिहिलंय ते मला वाचता येत होतं. आत्याने अंगठा दिला नाही, सही केली. ती सही करायला तिला मीच शिकवलं होतं, चौथीत असताना, माझ्या पाटीवर. किती कौतुक होतं तिला त्याचं! ती सही पहिल्यांदा कागदावर उमटली ती इथे. सगळे हॉटेलात जेवलो. अण्णांनी तिला साडी घेतली. परतीच्या एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

आता अण्णा नाहीत. काकांचं रान वेगळं झालं, आमच्या वाटणीचं माझ्या आणि भावाच्या नावावर. भाऊ तिथेच शेती करतो, मी पुण्यात. आत्या पंचाहत्तरीच्या आसपास, अजून मागच्या खोलीत राहते. भाऊ आणि वहिनी तिचं सगळं करतात, मनापासून करतात, हे मुद्दाम लिहितो. पण करणं वेगळं आणि तिचं तिला असणं वेगळं.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा तिला सांगितलं, माझ्या वाट्यातलं रान तुझ्या नावावर करतो, बक्षीसपत्र करून. ती म्हणाली, "आता काय करू रान घेऊन? डोक्यावर घेऊन जाऊ का?" मी गप्प बसलो. चहा झाला. तिने कपबशी स्वतः उचलली. मी उठून तिच्या हातातून घेतली आणि धुतली. हे काही मोठं काम नव्हे, पण पन्नाशीला टेकल्यावर का होईना.

मी निघताना तिने हाक मारली. "सातबाऱ्यावर नाव आलं तर दाखव मला. आन् सही मीच करणार. आंगठा नगं."

असो. हे वाचणाऱ्यांत आमच्या घरातलेही आहेत. कोणाला राग येईल, कोणी म्हणेल घरातलं चव्हाट्यावर कशाला. भाऊ, तुझ्या वाट्याला मी हात लावत नाही. माझ्यापुरतं बोलतोय. काकू, तुम्हाला वाईट वाटलं तर फोन करा, बोलू. पण आता झोपेचं सोंग घ्यायचं नाही, एवढं ठरवलंय.

दिवाळीला येतोय. कागद घेऊन.