पैकीच्या पैकी गुण

मेंदूला चार मिनिटं रक्त मिळालं नाही की पेशी मेल्या, विषय संपला. मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवताना हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्यातूनच एक मत पक्कं झालं होतं: अंगावरून वारं गेलेल्या माणसाला जव्हारला न्या की घाट चढवून नाशिकला, पोचेपर्यंत उरतंय काय? लोक भगताकडे जातात म्हणून मी हसायचो. भगत निदान अंगारा तरी लावतो. मी नुसताच शहाणा.

शाळेच्या स्वयंपाकघरात मावशी नागलीच्या भाकऱ्या थापत होत्या. उजव्या हातातून भाकरी निसटली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. पाव तासात सगळं जागेवर. उरलेल्या भाकऱ्या त्यांनीच थापल्या. "उन्हाने झालं असेल, पडा जरा," म्हणून मी वर्गावर गेलो. दोन दिवसांनी त्यांची उजवी बाजू गेली, ती गेलीच.

पुढे सहामाहीचे पेपर आले. एका मुलाने माझंच वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं. पैकीच्या पैकी गुण दिले आणि पेन थबकलं. चार मिनिटांत पेशी मरतात, तर पाव तासाने मावशींनी भाकऱ्या थापल्या कशा? हात परत आलेला मी समोर उभा राहून पाहिला होता. पण वाक्य माझं होतं ना! त्यापुढे डोळ्यांचं कोण ऐकतो? तो पेपर बराच वेळ तसाच पुढ्यात पडून होता.

मग वाचत बसलो. चार मिनिटांचं गणित हृदयच बंद पडतं तेव्हाचं. गुठळीने एखादी नस तुंबली, तर शेजारच्या नसांतून थोडं रक्त झिरपत राहतं. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २० च्या खाली आलं की पेशी संदेश पाठवणं थांबवतात. हात लुळा पडतो, पण पेशी जिवंत असतात. १० च्या खाली क्षारांचे पंपही बंद पडतात, सोडियम-कॅल्शियम आत घुसतं, पेशी फुगून मरते. १९८१ मध्ये आस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मधल्या, गप्प पण जिवंत पट्ट्याबद्दल लिहिलं. तो काही तास तग धरू शकतो, म्हणूनच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांपर्यंत देतात.

रक्त परत आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. १९८२ मध्ये जपानच्या किरिनोंनी दाखवलं, की पाच मिनिटं रक्त अडवलेल्या जर्बिल उंदरांच्या काही पेशी पहिल्या दिवशी ठीक दिसतात आणि पुढच्या दोन-चार दिवसांत मरतात. मावशींचं तसं नव्हतं, बहुधा दुसरी गुठळी आली असावी. असा झटका येऊन गेल्यावर पहिल्या दोन दिवसांतच मोठ्या झटक्याचा धोका सर्वाधिक असतो. नेमके तेच दोन दिवस मी स्वस्थ बसलो.

साडेचार तास म्हणजे पाड्यावरून डोली, मग गाडी, मग सीटी स्कॅन. आता कुणी धावत आलं की १०८ ला फोन लावतो आणि विचारतो, शेवटचं नीट कधी बोलला होता? "गुरं सोडली तेव्हा," असं उत्तर येतं. मी चिठ्ठीवर 'सकाळी ८' लिहून गाडीत देतो.